काशक्काची कोयरी

काशक्का शिंकली की दुबलगुंडीत चार गल्ल्यांतल्या म्हशी दूध चोरायच्या. हे ज्यांना खोटं वाटतं त्यांनी आमच्या गल्लीत एक म्हैस पाळून बघावी. माझं घर तिच्या दारासमोर. आमची म्हैस तर शिंकेचीही वाट बघायची नाही, काशक्काच्या दाराची कडी वाजली की आटायची. शेवटी वडिलांनी ती विकली. काशक्काला विकता येत नव्हतं.

अंगानं बाई वाळल्या तुराटीएवढी. पण पाठीवर वळ उठवायला तुराटीच लागते, ओंडका नव्हे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या करडीतलं, म्हणजे डबीतलं, लिंग आणि कमरेला, किल्ल्यांच्या जागी, नाडीला बांधलेला पत्र्याचा साचा. कोयरीचा. हुमनाबादच्या एका पत्रेवाल्यानं तेलाच्या डब्यातून वळवून दिलेला, चार बोटं लांब. एका अंगाला डब्यावरच्या सूर्यफुलाची अर्धी पाकळी अजून शिल्लक होती. तो साचा म्हणजे काशक्काचं राज्य. आमच्या भागातल्या कुठल्याही लग्नात मुलीकडचं रुखवत मांडायचं ते काशक्कानं, आणि काशक्काच्या रुखवतात जे जे काही असेल ते कोयरीचं.

मी लग्नांचे फोटो काढतो. त्यामुळं ती कोयरी मी जितकी पाहिली तितकी देवानंही पाहिली नसेल. खव्याची वडी कोयरीची, बेसनाची कोयरीची, शेंगाच्या पोळीची कोयरी, काकडीची कोयरी, कलिंगडाची कोयरी. कडक भाकरी थापून, ओली असतानाच साच्यानं कापून मग तव्यावर टाकायची. मखमलीच्या कोयऱ्या कापून त्यांचं तोरण. मेण वितळवून साच्यात ओतायचं, मध्ये वात, झाली समई. साच्याची कड मेंदीत बुडवून नवरीच्या तळहातावर ठसा. रांगोळीत साचा ठेवून आत गुलाल. विभूतीसुद्धा ती ओली असताना कोयरीत दाबायची. एकदा हुमनाबादच्या एका लग्नात भटारखान्यातली चूल बांधायला चिखल केला होता, तर काशक्कानं जाता जाता त्याच्याही कोयऱ्या पाडल्या. वाढप्यानं त्या घाईत पंगतीत वाढल्या आणि दोन माणसांनी मागून घेतल्या. त्यातला एक माझा सख्खा मावसभाऊ. विचारा त्याला.

शिवाय प्रत्येक रुखवतात एक फसवणीचं ताट. आमच्याकडं ही गंमत जुनी आहे: नवऱ्याच्या भावानं किंवा मित्रानं रुखवतातली वडी उचलून तोंडात टाकावी, आणि ती साबणाची निघावी. काशक्काच्या साबणाच्या कोयरीवर वेलदोड्याची पूड, चारोळी, एखादा केशराचा धागा. खव्याच्या वडीशेजारी ठेवली तर साबण करणाऱ्या कंपनीलाही ओळखता येणार नाही. कुठलं ताट कुठं, हे फक्त मांडणारीला माहीत.

आता एक हिशेब सांगतो. भाकरीतून कोयरी कापली की काय उरतं? भोक पडलेली भाकरी. काशक्काची म्हण होती, "साच्यात बसलं ते ताटात, उरलं ते पोटात." पोट म्हणजे तिच्या घरातली पोटं. ती दोन. एक नवरा भीमण्णा, दुसरी तिच्या मेलेल्या बहिणीची मुलगी शिवलीला. दोघांच्या ताटात भाकरी पडायची ती मधोमध कोयरीएवढी खिडकी असलेली. काकडीचं नुसतं कडं. वडीचा नुसता चुरा. शिवलीला लहानपणी दुसऱ्याच्या घरी जेवायला बसली तेव्हा अख्खी भाकरी बघून तिनं विचारलं होतं, ही अजून कापायची राहिली का. त्या घरातली बाई हसली. आम्हीही हसलो. गल्लीभर हसत होतो.

भीमण्णाचं तर अंगसुद्धा उरल्यातच जमा होतं. मखमल कमी पडली की काशक्का त्याच्या सदऱ्यातून कोयऱ्या कापायची. बाजारात तो पाठमोरा चालला की सदऱ्याच्या भोकातून बनियन दिसायचा आणि बनियनच्या भोकातून भीमण्णा. बोलणं त्यानं लग्नानंतर सोडलं होतं, काही माणसं तंबाखू सोडतात तसं. मधूनमधून तलफ यायची. मग तो गोठ्यात जाऊन एकटाच काहीतरी पुटपुटून यायचा.

काशक्काला कुणी नाव ठेवायचं नाही, हा गावाचा कायदा. तो एका बाईनं मोडला. पाणी भरताना ती सहज बोलून गेली की अक्काच्या कोयरीचं शेपूट जरा वाकडं वाटतंय. काशक्का हसली. काशक्का हसली म्हणजे शहाण्यानं घर बदलावं. पण त्या बाईच्या लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि रुखवत काशक्कानंच करायचं ठरलेलं. रुखवतात व्याह्यांच्या बाहुल्या करायची पद्धत असते, नारळाला फेटा बांधून, डोळे-मिशा चिकटवून. काशक्कानं होणाऱ्या सासऱ्याच्या नारळाला नाक लावलं ते गाजराची अख्खी कोयरी कापून. आता दुर्दैव असं की त्या गृहस्थाचं नाक खरोखरच त्या वळणाचं, त्या रंगाचं आणि जवळजवळ त्याच मापाचं होतं. तो रुखवत बघायला आला. बघत राहिला. मग त्याचा हात हळूहळू वर सरकत स्वतःच्या नाकाकडं गेला. तिथं दीडशे माणसं होती आणि ती सगळी हसली. मी फोटो काढला, तो फार छान आला. काशक्काला जाब विचारायला नवरीची आई रडत गेली, तर काशक्का म्हणाली, "नाक मी न्हाई लावलं बाई, देवानं लावलं. मी निस्तं कापलं."

त्या सासऱ्यानं सुनेच्या हातचं पाणी पुढं मरेपर्यंत घेतलं नाही. त्यानंतर आमच्या गावात कोयरीचं शेपूट कुणालाही वाकडं दिसलं नाही.

शिवलीला मोठी झाली तशी काशक्काची सगळी कामं तिच्याकडं आली. खवा घोटणं, साबण किसून मळणं, मखमल चिकटवणं, टेबलं उचलणं, मांडणं, पुसून परत भरणं. काशक्का खुर्चीवर बसून नुसती म्हणायची, "शिवे, धर गं." की शिवलीलानं धरायचं. तिच्या हातात काशक्कापेक्षा सफाई आली होती, हे सगळ्यांना दिसत होतं. काशक्कालाही. म्हणूनच शिवलीलाचं लग्न होणं काशक्काला परवडणारं नव्हतं, आणि तसं म्हणणं शोभणारंही नव्हतं. मग ती स्थळं बोलवायची, मानानं बसवायची आणि सोलायची.

पहिलं स्थळ कलबुर्गीकडचं. पाहुण्यांच्या बशीत उप्पीट आलं ते कोयरीत दाबून. पाहुणी कौतुकानं बघायला लागली, तर काशक्का सुस्कारा टाकून म्हणाली की काय करणार, पोरीला गोल काहीच जमत नाही, म्हणून सगळं साच्यातनं काढावं लागतं. पोळीसुद्धा का, असं पाहुणीनं विचारलं. काशक्कानं डोळ्याला पदर लावला. दुसरं स्थळ औरादकडचं. तिथं तिनं स्तुतीचा मार्ग धरला. पोर गुणाची आहे, कामाची आहे, आणि आता कितीतरी दिवस झाले, झटकासुद्धा आला नाही. पाहुण्यांचा चहा घशाखाली उतरेना. शिवलीलाला जन्मात कधी झटका आला नव्हता. ती दाराआड उभी राहून ऐकत होती, आणि पाहुणे गेल्यावर तिनंच कपबशा विसळल्या.

तिसरं स्थळ मात्र काशक्काच्या हातात आलंच नाही. जनवाड्याचा गुरुनाथ कोळारला एका गोदामात कामाला. मित्राच्या लग्नाला तो हुमनाबादला आला होता आणि रुखवतातली वडी उचलायला त्यानं हात पुढं केला. टेबलाशेजारी उभ्या असलेल्या शिवलीलानं डोळ्यांनीच ‘नको’ म्हटलं. शेजारच्या मित्रानं ती उचलली आणि दिवसभर फेस काढला. गुरुनाथच्या मते ते प्रेम. माझ्या मते तोंडात साबण न जाणं हेच पुष्कळ. त्यानं घरी आजीला सांगितलं. आई-बाप नसलेल्या त्या पोराचं सगळं ही आजीच, रत्नव्वा. तिनं थेट काशक्काच्या घरी फोन लावला. काशक्का दुसऱ्या गावी कुणाचं तरी रुखवत मांडायला गेलेली. फोन भीमण्णानं उचलला. पोरगी देता का, असं रत्नव्वानं विचारलं, आणि भीमण्णाला नेमकी तेव्हाच बोलायची तलफ आली. तो म्हणाला, "व्हय."

एवढंच. पण घरातल्या कर्त्या पुरुषाचा शब्द गेला. काशक्का परत आली तेव्हा जनवाड्याहून तारीख काढून झाली होती. भीमण्णाचं त्या संध्याकाळी काय झालं ते मी सांगणार नाही. तो पुढं पंधरा दिवस उभ्यानं जेवला.

जनवाड्याचं घर कडक. अंड्याच्या दुकानावरून जायचं तर रस्ता ओलांडणारी माणसं. काशक्कानं हे नीट विचारून घेतलं होतं. लग्नाच्या आधी तिनं जाहीर केलं, हळद लागलेल्या नवरीनं स्वतःच्या रुखवताला हात लावायचा नसतो. खोलीत गेली आणि आतून कडी लावली. कितीतरी वर्षांनी सगळं तिनं एकटीनं केलं. आमच्या घरात पक्कडीचा आवाज ऐकू येत होता. आम्हाला वाटलं, भीमण्णाचं काही उरलेलं असेल.

लग्न गावातल्या मठाच्या सभागृहात. शहाबादी फरशी, भिंतीला टेकून लांब लाकडी टेबल, त्यावर चादर झाकलेलं रुखवत. जनवाड्याच्या बायका जमल्या, मी कॅमेरा सरसावला, कुणीतरी चादर ओढली.

मासोळ्या.

काशक्कानं पक्कडीनं कोयरीचं शेपूट फाकवलं होतं. एवढंच केलं होतं, पण त्यानं सगळं झालं. खव्याच्या मासोळ्या, बेसनाच्या मासोळ्या, कडक भाकरीच्या मासोळ्या, काकडीच्या मासोळ्या ओळीनं पोहायला निघालेल्या. मखमलीच्या मासोळ्यांचं तोरण. प्रत्येकीला मिऱ्याचा डोळा. आणि मधोमध चांदीच्या ताटलीत, मठाच्या छताखाली, विभूतीची मासोळी.

एका म्हातारीनं तोंडावर पदर घेतला. नवऱ्याचा चुलता पुढं आला, बघितलं आणि काही न बोलता मागं वळून चपला शोधायला लागला. त्याच्या मागं दोघेतिघे. मांडवात बातमी पोचली आणि सनईवाला मध्येच थांबला.

काशक्का तयारच होती. डोळ्यांत पाणी कुठून आणलं कोण जाणे, पण चांगलं बादलीभर आणलं होतं. ती रत्नव्वाआजीला म्हणाली, "मी काय सांगू अव्वा. पोरीनं हट्टानं केलं. मी नको म्हनलं, तर मलाच कडी लावून भाईर काढलं. भाईर कुठं काय खायला शिकली, मला काय ठाव." आणि गळ्यातलं लिंग हातात धरून, "मी त्या खोलीत पाय ठेवला असंल तर हे साक्ष हाय."

शिवलीला हळदीच्या साडीत दाराशी उभी होती. तिच्याकडं सगळा जनवाडा बघत होता आणि आमच्याकडं ती बघत होती. आम्ही दुबलगुंडीकर सगळे तिथंच होतो. खोलीत कोण होतं, पक्कड कुणी चालवली, सगळं माहीत असलेले. पण प्रत्येकाच्या घरात अजून एक तरी लेक लग्नाची होती आणि तिचं रुखवत व्हायचं होतं. आम्ही छताकडं बघितलं. छत चांगलं होतं.

रत्नव्वाआजी जड बाई. तिनं खुर्ची मागवली, टेबलासमोर ठेवली, बसली. चुलत्याला म्हणाली, चपला नंतर घाल. मग काशक्काला जवळ बोलावलं.

"तू आत गेली न्हाईस म्हनतीस."

"न्हाई."

"म्हंजे कुठल्या ताटात काय हाय, तुला ठाव न्हाई."

"कसं ठाव असंल अव्वा?"

"मग सोपं हाय. वरपक्षानं हात लावायच्या आधी पोरीच्या आईनं पोरीच्या हातचा घास खायचा, आमच्यात रीत हाय. आईच्या जागी तू. पोर देईल ते खायचं, जितकं देईल तितकं, तोंड न फिरवता. खाल्लंस तर तुझी शपथ खरी, आमी उठून जनवाड्याला जातो. थांबलीस तर मासोळ्या तुझ्या आन् पोर आमची."

काशक्काचे डोळे टेबलावरून एकदा फिरले. मी लेन्समधून बघत होतो. खवा, बेसन, काकडी, भाकरी. जन्मभर दुसऱ्यांना खाऊ घातलेलं. लग्न मोडायला एक खव्याची वडी गिळायची, याहून स्वस्त काय असणार. ती लगेच हो म्हणाली आणि पाट ओढून बसली.

शिवलीला टेबलाशी आली. ताटांवरून तिची नजर सावकाश गेली. खव्याच्या वडीखालचा कागद तासाभरात तेलकट होतो. साबणाखालचा कोराच राहतो. इतकी वर्षं तेच करत आलेली पोर ती. काशक्कानं सवयीनं याही रुखवतात फसवणीचं ताट ठेवलं होतं, कारण सवय मोडायला जनवाड्याचं लग्न पुरत नाही. शिवलीलानं उजव्या टोकाच्या ताटातली एक मासोळी उचलली. पांढरी, वर वेलदोडा, केशराचा धागा.

काशक्कानं ती बघितली आणि मग पोरीच्या तोंडाकडं बघितलं. त्या दोघींत काय झालं ते दोघींनाच ठाऊक. शिवलीलाच्या तोंडावर राग नव्हता, रडू नव्हतं. ती हसत होती. आणि ते हसू मी ओळखलं, कारण ते गावात एकाच बाईचं होतं.

"खा, मावशी."

काशक्कानं तोंड उघडलं.

तिला मानलं पाहिजे. तिनं चावलं. डोळे बाहेर आले, मानेच्या शिरा तुराटीच्या काड्यांसारख्या उभ्या राहिल्या, ओठांच्या कोपऱ्यातून पांढरा फेस हनुवटीवर, हनुवटीवरून लिंगाच्या करडीवर. नाकातून एक फुगा आला. चांगला लिंबाएवढा झाला, त्यात मांडवाचे दिवे उलटे दिसले, आणि फुटला. जनवाड्याच्या बायकांना वाटलं, भक्तीनं भरून आलं. आम्हाला काय ते कळलं होतं. आमच्यातल्या कुणी पाणी पुढं केलं नाही. खरं सांगायचं तर आम्ही जरा पुढं सरकलो, नीट दिसावं म्हणून. आणि काशक्कानं ते गिळलं. शेपटासकट. चुलत्यानं एका पायात चप्पल घातली.

शिवलीलानं त्याच ताटातली दुसरी उचलली.

"आनखी खा की. तुझ्या पोरीच्या हातची हाय."

मासोळी ओठांना लागली, आणि काशक्काचं पोट तिच्या डोक्याआधी बोललं. ती पाटावरून मागं सरकली, हातानं तोंड झाकलं आणि फेसातून ओरडली, "ती नको गं, ती साबनाची हाय. डाव्या ताटातली दे, खव्याची. डावीकडच्या दोनी ताटात खवा हाय."

चुलत्याचा दुसरा पाय चपलेवर अधांतरीच राहिला.

रत्नव्वाआजीनं डाव्या ताटातली एक मासोळी उचलली, वास घेतला, डोक्याकडून मोडून तोंडात टाकली. खवाच होता. सावकाश चघळून झाल्यावर ती म्हणाली, "खोलीत पाय न ठेवता बरं ठाव हाय तुला." मग चुलत्याला ती एका पायातली चप्पल काढायला लावली आणि अक्षता वाटायला सांगितलं. सनई सुरू झाली. काशक्का खांबाआड ओकत होती, ते सनईत ऐकू आलं नाही. जनवाड्याच्या पोरांनी मासोळ्या पळवल्या. विभूतीची तेवढी मठाच्या स्वामींनी उचलली, हातानं चुरून पूड केली आणि आल्यागेल्याच्या कपाळाला लावली.

निघताना शिवलीला सगळ्यांच्या पाया पडली. भीमण्णाच्या पायावर जरा जास्त वेळ वाकली. काशक्का खुर्चीत बसली होती, पाय पुढं घेऊन. शिवलीला त्या पायांवरून वळून दुसऱ्या म्हातारीकडं गेली. ती कोण होती हे तिला माहीतही नसेल. गाडीत बसली. काच खाली केली नाही.

मी तारा गुंडाळत होतो. मांडव मोकळा होत होता, गावातले आम्ही दहा-वीस जण पान लावत भिंतीला टेकलो होतो. काशक्का उठली. टेबल मठाचं होतं, आत नेऊन ठेवायचं होतं. तिनं एक टोक उचललं आणि मागं न बघता म्हणाली, "शिवे, धर गं."

दुसरं टोक जमिनीवरच राहिलं.

ती तशीच उभी राहिली, वाकलेली. मग मान वळवून तिनं आमच्याकडं बघितलं. एकेकाकडं. भीमण्णाही आमच्यातच होता. त्यानं पानाची शीर काढली, ते पान मला दिलं आणि स्वतःसाठी दुसरं घेतलं. कुणी उठलं नाही.

काशक्कानं टेबल ओढायला सुरुवात केली. शहाबादी फरशीवर लाकडाचा तो आवाज दाताला झोंबत होता, मठाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये थांबत, पुन्हा सुरू होत. आम्ही पान संपेपर्यंत ऐकत बसलो.